खुर्ची मागं सरकत नाही

“हलवून बघा की,” शेवाळे तात्या म्हणाले.

आम्ही सहा जण त्या दोन लोखंडी खुर्च्यांभोवती उभे होतो. पुण्याचा कौस्तुभ पुढं झाला आणि त्यानं एका खुर्चीची पाठ धरून ओढली. खुर्ची जागची हलली नाही. चारही पाय जमिनीतल्या पट्ट्यांना वेल्ड केलेले. दुसरीचेही तसेच. दोन्ही समोरासमोर, मधे टेबल नाही, काही नाही. बसणाऱ्या दोघांचे गुडघे एकमेकांना टेकतील एवढंच अंतर.

“चोरीला जातात का?” मी विचारलं. गप्प राहणं मला तेव्हा कुठंच जमायचं नाही.

तात्या हसले. हे तात्या म्हणजे फाउंड्रीतले सगळ्यांत जुने कामगार, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, आणि आमच्या निवडीच्या पॅनलवरही होते. “चोरतंय कोण, ताई? ह्या थोरल्या साहेबांच्या वेळच्या खुर्च्या. आमच्यात एक रीत हाय. कुणाबद्दल तक्रार असंल तर एकट्यानं जाऊन सायबाच्या कानाला लागायचं न्हाई. ज्याच्याबद्दल हाय त्याला हितं आणायचं, समोर बसवायचं, आन त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. आधी साध्या खुर्च्या हुत्या. पण माणूस बोलाय लागला की जरा जरा मागं सरकायचा. सरकत सरकत पार भिंतीला जायाचा. मग थोरल्या साहेबांनी वेल्डरला बोलावलं.”

आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले. पुढं काय वाढून ठेवलंय याचा डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता, पण नाही पडला.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. कंपनीचं नाव घेत नाही. शिरवळच्या पुढं, हायवेपासून आत त्यांचा कारखाना होता, पंपांचे ओतीव भाग, म्हणजे बीडकाम, करायचे. त्यांचा एक ग्रॅज्युएट लीडरशिप प्रोग्रॅम होता. दीड वर्ष सगळ्या खात्यांतून फिरवायचं आणि मग थेट मॅनेजर करायचं. जागा वर्षाला दोन. शेकड्यांनी आलेल्या अर्जांतून सहा जण शेवटच्या फेरीला बोलावले होते, दोन दिवस तिथंच गेस्ट हाउसवर राहायचं. त्या सहांत मी, वसुधा खोत, मुक्काम जयसिंगपूर. आणि माझ्याच वर्गातला भरतेश मगदूम, मुक्काम शिरोळ.

मला ती नोकरी पाहिजेच होती. का ते सांगते. आमच्या बापूकाकांची शिक्षणसंस्था आहे, शाळा, ज्युनिअर कॉलेज, सगळं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काकांना शब्द देऊन ठेवला होता, मेपर्यंत पोरीला बाहेर काही लागलं तर ठीक, नाही तर जूनपासून ती तुमच्या फीच्या खिडकीत बसेल. ती खिडकी मी लहानपणापासून बघत होते. जाळी, जाळीला एक भोक, भोकातून आत येणारे हात. एम.बी.ए.ला वर्गात पहिली आलेली मी, तीन कंपन्यांनी शेवटच्या फेरीत घरी पाठवलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ही चौथी आणि शेवटची. इथं नाही झालं तर खिडकी.

भरतेशचं आणि माझं तसं गूळपीठ. पहिलं वर्षभर एकाच एस.टी.नं कोल्हापूरला ये-जा केलेली. पुढं त्यानं राजारामपुरीत खोली घेतली तरी डबा माझ्याच गाडीनं यायचा. शांत पोरगा. मी दहा वाक्यं बोलले की तो एक बोलायचा, तेही निम्मं.

पहिल्या दिवशी दुपारी गटाची फेरी झाली. सहा जणांना एक कागद दिला. फाउंड्रीत सोमवारीच रिजेक्ट माल जास्त का निघतो, वीस मिनिटांत मिळून कारण शोधा. पॅनलचे तिघे भिंतीशी बसून बघत होते. मधे इनामदार मॅडम, त्या एच.आर.च्या प्रमुख. एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला प्लँटचे साहेब. साहेब दोन दिवसांत एक अक्षर बोलले नाहीत.

मी सुटले. रविवारच्या सुट्टीनंतर कामगारांचं लक्ष नसतं, शिफ्ट बदलते, सुपरवायझर उशिरा येतो, असं धडाधड फळ्यावर लिहीत गेले. अकोल्याची अंजुम शेख म्हणून एक मुलगी होती, ती मधे म्हणाली, “साच्यांची वाळू पण बघायला पाहिजे, रविवारभर ती उघडी—” मी म्हटलं, “हो, त्यावर येऊच आपण,” आणि पुढं गेले. तिनं आणखी दोनदा तोंड उघडलं. मी परत पुढं गेले. वीस मिनिटं संपली तेव्हा फळा भरला होता आणि सगळं अक्षर माझं होतं. मनात म्हटलं, वसू, जिंकलीस.

संध्याकाळी पावणेसहाला गेस्ट हाउसच्या पायरीवर भरतेश एकटाच जेवत बसला होता. तो जैन. सूर्य मावळायच्या आत त्याचं जेवण उरकलेलं असायचं, जग इकडचं तिकडं होवो. आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी.

“ये, बस. खा,” तो म्हणाला. मी अर्धी भाकरी मोडून घेतली.

“वसू, दोन गोष्टी बोलायच्यात. एक वाईट आहे. ती आधी सांगतो.”

“सांग की. मुहूर्त काय बघतोयस?”

“आज तू अंजुमला बोलूच दिलं नाहीस. तीनदा तिनं तोंड उघडलं, तीनदा तू तिचं वाक्य तोडलंस. आणि तिचं बरोबर होतं. मी मघाशी तात्यांना विचारलं. रविवारी वाळूत ओल धरते. तेवढंच कारण.”

भाकरी माझ्या तोंडात तशीच राहिली. “मग तिनं मोठ्यानं सांगायचं! बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. मी काय तिचं तोंड धरलं होतं?”

“बघ, आत्तापण तेच. तू ऐकत नाहीस. समोरचा बोलत असतो आणि तू मनात तुझं पुढचं वाक्य जुळवत असतेस. माझ्याशी बोलतानासुद्धा.”

मला राग आला. साधा नाही, कानशिलं गरम झाली. निवडीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या संधीच्या तोंडावर हा मला माझे दोष सांगत बसला होता! आणि तेही त्या शांत, भाकरी चावत चावत बोलायच्या आवाजात.

“मग उद्या हेच जाऊन सांग त्यांना,” मी म्हटलं. “तुझी जागा पक्की.”

“विचारलं तर सांगीन. म्हणून तर आज आधी तुला सांगतोय.”

“वा! काय उपकार!” मी उठले.

“अगं, दुसरी गोष्ट तर ऐक—”

“राहू दे तुझ्याकडंच. लोणचं घाल तिचं,” म्हटलं आणि ताडताड खोलीत निघून गेले. मोडलेली भाकरी तिथंच पायरीवर ठेवली.

सकाळी नऊला इनामदार मॅडमनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर दोनच प्रश्न. बाकीच्या पाच जणांपैकी कोणाच्या हाताखाली काम करायला आवडेल? आणि, कोणाला निवडू नये असं वाटतं, व का?

“दहा मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “प्रामाणिकपणे लिहा. आम्ही हे गांभीर्यानं घेतो.”

मी मान वळवून बघितलं. भरतेश खाली मान घालून लिहायलाही लागला होता. ‘विचारलं तर सांगीन.’ आता विचारलं होतं की! हा दुसऱ्या प्रश्नाला माझं नाव लिहिणार, ऐकत नाही म्हणून लिहिणार, आणि हा वर्गातला माझा मित्र आहे हे पॅनलला माहीत असल्यामुळं त्याचं वजन दहा जणांएवढं पडणार. माझ्या डोळ्यांसमोर ती जाळी आली. जाळीचं भोक आलं.

पहिल्या प्रश्नाला मी कौस्तुभचं नाव टाकलं, कारण त्याची निवड होणार नाही हे कालच दिसत होतं. काय हिशोबी होते बघा. दुसऱ्या प्रश्नाला लिहिलं, भरतेश मगदूम.

का?

इथं माझं पेन थांबलं. खोटं लिहायला मला जमत नाही असं मी स्वतःबद्दल अभिमानानं सांगायची. म्हणून खरंच लिहिलं. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, त्याचा रिपोर्ट सरांनी भर वर्गात टेबलावरून खाली फेकला होता. त्यानंतर भरतेश चार दिवस खोलीचं दार आतून लावून बसला. जेवला नाही, उत्तर देईना. घरमालकीणबाई घाबरून गेल्या. मीच रोज कॉलेज सुटलं की तिथं जायची आणि शेवटी मीच त्याला बाहेर काढला. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला होता, “कुणाला सांगू नको.” मी म्हटलं होतं, गळ्याशपथ.

मी लिहिलं, ‘दडपण आलं की हा माणूस मोडतो. दुसऱ्या वर्षी चार दिवस खोलीचं दार लावून बसला होता. ही गोष्ट कॉलेजमध्ये कोणालाही माहीत नाही.’ शेवटचं वाक्य का घातलं, ते आजही मला सांगता येत नाही. माहितीला वजन यावं म्हणून असेल. कागदाची घडी घालून दिली तेव्हा पश्चात्ताप म्हणाल तर अजिबात नव्हता. त्यानं केलं तेच मी केलं, असं चाललं होतं डोक्यात.

अर्ध्या तासानं तात्या कँटीनमधे आले. “चला, दोघं दोघं या. खुर्च्यांपाशी.”

मी चहाचा कप खाली ठेवला. खुर्च्यांपाशी.

“म्हणजे?” कौस्तुभनं विचारलं.

“म्हंजे काय? काल दावलं न्हवं? कागदावर ज्याचं नाव लिवलंय त्याला समोर बसून सांगायचं. आमच्यात पाठीमागं काय चालत न्हाई.”

कौस्तुभ आणि एक जण गेले. दहा मिनिटांनी परत आले, कौस्तुभचे कान लालभडक. त्यानं नळाखाली तोंड धुतलं. मग अंजुम आणि सहावा मुलगा. अंजुम परत आली ती डोळे पुसत, पण चेहरा मोकळा. मी भरतेशकडं बघत नव्हते. तो समोरच्याच टेबलाशी बसून चहाच्या कपाचा कान बोटानं पुसत होता. एकदा वाटलं, जावं आणि सांगून टाकावं, भरत, मी एक घाण केलीय. पाय उचलला नाही. एकदा वाटलं, गेटमधून सरळ हायवे गाठावा. तेव्हाही पाय उचलला नाही.

“वसुधा खोत, भरतेश मगदूम,” तात्यांनी हाक मारली.

शेडमधे भट्टीची धग होती. पॅनलचे तिघे एका बाजूला उभे, मॅडमच्या हातात आमचे दोन कागद. आम्ही बसलो. माझे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागत होते, म्हणून मी पाय तिरके केले.

“तुम्ही दोघांनी एकमेकांचीच नावं लिहिलीयत,” मॅडम म्हणाल्या. सकाळपासून इंग्रजीत चाललेलं सगळं त्या खुर्च्यांपाशी मराठीत आलं होतं. “कागद मिळणार नाही. तोंडानं सांगायचं, आमच्याकडं नाही, समोरच्याकडं बघून. आधी मगदूम.”

भरतेशनं माझ्याकडं बघितलं. “वसू, तू ऐकत नाहीस. काल अंजुमला तीनदा तोडलंस. समोरचा बोलत असताना तू तुझं पुढचं वाक्य जुळवत असतेस. माणसं हाताखाली आली तर ती तुला खरं सांगायची बंद होतील, आणि तुला ते कळणारही नाही.” मग तो थांबला. “हे मी हिला काल सांगितलंय,” तो मॅडमना म्हणाला.

“काल? कुठं?” तात्यांनी विचारलं.

“पायरीवर. जेवताना.”

तात्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी नुसती मान हलवली.

“खोत,” मॅडम म्हणाल्या.

आता काय करायचं? मी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं बघत बोलले. “भरतेश... निर्णय घ्यायला वेळ लावतो. गटात फारसा पुढं येत नाही. लीडर म्हणून जरा... आणखी ठाम असायला पाहिजे.”

भरतेशनं मान डोलावली. त्याला पटलं होतं! देवा, तो ते मनावर घेत होता.

मॅडमनी कागद बघितला. मग माझ्याकडं. “एवढंच?”

“एवढंच.”

“कागदावर हे नाही.”

मी नकळत टाचा रेटल्या आणि पाठीनं खुर्ची मागं ढकलली. खरंच ढकलली. खुर्ची काय हलणार.

“पोरी,” तात्या हळू म्हणाले. दोन दिवस ते मला ताई म्हणत होते. “खुर्ची मागं सरकत न्हाई. बोलून टाक.”

मी भरतेशच्या डोळ्यांत बघितलं. त्याच्या डोळ्यांत काही शंका नव्हती, नुसतीच वाट बघत होता, मी काय म्हणते त्याची. तेवढ्यानं माझा धीर गेला.

“दडपण आलं की हा माणूस मोडतो,” मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. “दुसऱ्या वर्षी चार दिवस खोलीचं दार लावून बसला होता. ही गोष्ट कॉलेजमधे कुणालाही माहीत नाही. असं लिहिलंय मी.”

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा उतरत गेला, आधी डोळे, मग तोंड. तो स्वतःच्या हातांकडं बघायला लागला. मला वाटलं, आता हा उठेल आणि जाईल, किंवा माझ्या एक मुस्काटात देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“खरं आहे,” तो हातांकडं बघतच म्हणाला. “चार दिवस. सप्टेंबरमधे.”

मग मॅडम म्हणाल्या, “मगदूम, तुमचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण सांगा.”

“आता त्याची गरज नाही, मॅडम.”

“आहे.”

मग त्यानं वर बघितलं, मॅडमकडं नाही, माझ्याकडं. “कोणाच्या हाताखाली काम करायला आवडेल,” तो म्हणाला. “तिथं पण तुझंच नाव लिहिलंय, वसू.”

मी तोंड उघडलं.

“थांब. ऐक. पहिल्या दिवशी तू दाराबाहेर उभी राहून खूप बोललीस. समजावलंस, शिव्या घातल्यास, आईला बोलावते म्हणालीस. मला वाटत होतं कानात बोटं घालावीत. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडचं बोलणं संपलं. मग तू नुसतीच जिन्याच्या पायरीवर बसलीस. दाराखालच्या फटीतून मला तुझी चप्पल दिसायची. दुसऱ्या दिवशी दिसली, तिसऱ्या दिवशी दिसली. तू गेलीस का बघायला मी जमिनीवर झोपून राहायचो. चौथ्या दिवशी मी आतून बोलायला लागलो. दोन तास बोललो, वसू. तू एकदाही मधे बोलली नाहीस. नुसतं ‘हं’ म्हणत होतीस. म्हणून दार उघडलं.”

मला आजवर वाटत होतं, माझ्या बोलण्यानं उघडलं. मी बोलून बोलून त्याला बाहेर काढला, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं होतं.

“तुला ऐकता येतं,” भरतेश म्हणाला. “मी बघितलेल्या सगळ्या माणसांत तुला चांगलं येतं. तू ऐकत नाहीस, एवढंच. ही दुसरी गोष्ट. काल सांगायची राहिली.”

पायरीवर ठेवलेली ती अर्धी भाकरी मला दिसली. दोन मिनिटं, फार तर दोन मिनिटं आणखी बसले असते तर? मी रडले. रुमाल नव्हता, ओढणीनंच तोंड पुसलं, मॅडम आणि साहेब उभे असताना. “मला माफ कर” असलं काही म्हणालेसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं पुढचं वाक्य नव्हतं.

तीन वाजता नावं सांगितली. अंजुम शेख आणि भरतेश मगदूम. मला मॅडमनी हात मिळवला आणि म्हणाल्या, “शुभेच्छा.” मी न ऐकणारी म्हणून नाकारली गेले की ऐकता येत असून मित्राचं गुपित विकणारी म्हणून, हे मी विचारलं नाही. दोन्ही खरंच होतं.

हायवेच्या फाट्यावर आम्ही दोघं कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. दुसरा रस्ताच नव्हता, गाव एकाच दिशेला. ट्रक जात होते. एक गाडी भरून गेली, दुसरी थांबलीच नाही. सूर्य खाली आला तसा भरतेशनं पिशवीतून डबा काढला आणि एका दगडावर बसून उघडला.

“रागावलायस?” मी विचारलं.

“हो.”

“किती?”

“माहीत नाही अजून.” त्यानं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. “खा. दिवस चाललाय.”

मी खाल्ली. गाडी आली तेव्हा तो पुढच्या सीटवर बसला आणि मी मागं. कोल्हापूरला उतरल्यावर त्यानं वळून बघितलं नाही.

जूनमधे मी बापूकाकांच्या संस्थेत फीच्या खिडकीत बसले. सुरुवातीला रोज रडायची. मग रडायला वेळ राहिला नाही. खिडकीत बसलेल्या बाईला काय फक्त पावती मागतात होय? कुणाचा नवरा बरा नसतो, कुणाची पोर शाळेत येत नाही म्हणते आणि का ते सांगत नाही, कुणाला नुसतंच उभं राहायचं असतं. आधी मी म्हणायची, लवकर बोला, मागं रांग आहे. नंतर म्हणेनाशी झाले. दुसऱ्या वर्षी मी शिपायाकडून जाळी काढून घेतली. काका ओरडले. ओरडू दे म्हटलं.

भरतेशचा फोन आला नाही. दिवाळीला मी पत्र पाठवलं, उत्तर नाही. दुसऱ्या दिवाळीला परत पाठवलं. तिसऱ्या दिवाळीला पाठवलं तेव्हा अण्णा म्हणाले, “कुणाला लिहितेस गं, भिंतीला?” मी म्हटलं, “दाराला.” त्यांना काही कळलं नाही.

त्या फाट्यावरच्या संध्याकाळीला तीन वर्षं आणि चार महिने झाले. मे महिन्यात, प्रवेशाची ही मोठी रांग, उन्हानं सगळे वैतागलेले, आणि ऑफिसातला फोन वाजला. शिपायानं मला हाक मारली. मी वायर ओढून रिसीव्हर खिडकीपाशी घेतला.

“वसू,” पलीकडून आवाज आला. तोच, सावकाश बोलायचा. “दोन गोष्टी सांगायच्यात. एक वाईट आहे. ती आधी सांगतो.”

मी ‘काउंटर बंद’ची पाटी उचलून खिडकीत ठेवली. रांगेतून एकच गिल्ला झाला, कुणीतरी माझ्या नावानं शिवीही हासडली. खुर्ची होती तिथंच ठेवून मी बसले. पाऊण तास तो बोलत होता, आणि पाऊण तासात मी फक्त ‘हं’ म्हणाले.